कृतज्ञतेचे पान

(शाळेच्या हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात केलेले भाषण)



महोत्सव समितीने मला निमंत्रण दिले तेव्हा दोन सूचना केल्या होत्या. पहिली अशी की, मी बावीस वर्षे अमेरिकेत राहिले असल्याने तिथला एखादा चांगला रिवाज सांगावा. दुसरी अशी की, जेवणापूर्वीचे हे शेवटचे भाषण असल्याने श्रोत्यांच्या भुकेचा मान राखावा. दोन्ही सूचना एकाच विषयात पाळता येतील असे मला वाटले, कारण मी ज्या सणाविषयी बोलणार आहे तो सण मुळात जेवणाचाच आहे. नोव्हेंबर महिन्याच्या चौथ्या गुरुवारी अमेरिकेत ‘थँक्सगिव्हिंग’ साजरा होतो. शब्दशः अर्थ घ्यायचा तर आभारदिन. शेजारच्या कॅनडातही तो असतो. फक्त तिथे थंडी लवकर येते म्हणून ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी.

हा विषय निवडण्यामागे आणखी एक कारण आहे. हीरक महोत्सव म्हणजे तरी काय? साठ वर्षांनी एका शाळेने आणि तिच्या लेकरांनी एकमेकांचे आभार मानण्याचा प्रसंग. परंतु आभार कोणाचे मानावेत, कसे मानावेत, आणि मानून झाल्यावर आपल्यावर काय जबाबदारी येते, हे प्रश्न वाटतात तितके सोपे नाहीत. या सणाच्या गोडव्यातून आणि त्याच्या कडवटपणातूनही मला त्यांची काही उत्तरे मिळाली. ती आज तुमच्यापुढे ठेवते.

आधी ताटाविषयी बोलू. आपल्याकडे दिवाळीच्या आधी रेल्वेस्थानकावर जी गर्दी उसळते, तशीच गर्दी या गुरुवारच्या आदल्या दिवशी तिथल्या विमानतळांवर आणि महामार्गांवर असते. मुले कुठल्याही गावी शिकत असोत वा नोकरी करत असोत, त्या दिवशी त्यांनी घरी पोहोचायचे, असा अलिखित नियम आहे. स्वयंपाकाची तयारी मात्र तीन-चार दिवस आधीच सुरू झालेली असते. टर्की हा मोठा पक्षी. तो गोठवलेला मिळतो आणि शीतकपाटात हळूहळू मोकळा व्हायलाच काही दिवस घेतो. गुरुवारी सकाळी तो भट्टीत जातो आणि पुढचे तीन-चार तास सारे घर त्या वासाने भरून जाते. दूरचित्रवाणीवर न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानाची मिरवणूक चाललेली असते. १९२४ साली सुरू झालेल्या या मिरवणुकीतले प्रचंड फुगे पाहायला लहान मुले ठाण मांडून बसतात. दुपारनंतर फुटबॉलचे सामने लागतात आणि घरातले पुरुष स्वयंपाकघरातून अदृश्य होतात. आपल्याकडील क्रिकेटच्या दिवशी दिसणारे दृश्यच ते!

मी शाकाहारी. त्यामुळे पहिल्या वर्षी शेजारच्या वयस्कर बाईंनी आम्हाला जेवायला बोलावले, तेव्हा आपल्या वाट्याला नुसता पाव येणार अशी मी मनाची तयारी केली होती. प्रत्यक्षात मात्र पान भरून गेले. पक्ष्याच्या पोटात पावाच्या तुकड्यांचे, कांद्याचे आणि सेलरीचे सारण भरण्याची तिथे पद्धत आहे. बाईंनी माझ्यासाठी तेच सारण भाज्यांच्या पाण्यात भिजवून वेगळ्या भांड्यात भाजले होते, आणि त्या भांड्यावर निळी फीत बांधली होती, म्हणजे चुकून कोणी त्यात दुसरा चमचा घालू नये. उकडून घोटलेले बटाटे होते. रताळी होती, आणि त्यांच्यावर पांढऱ्या गोड मार्शमॅलोचा थर. तो प्रकार मला कधीच आवडला नाही, आणि बावीस वर्षांत मी तसे कधी बोलूनही दाखवले नाही. फरसबीचा एक भाजलेला प्रकार होता. ‘परंपरागत’ म्हणून वाढला जाणारा हा पदार्थ १९५५ साली एका सूप विकणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेतील स्वयंपाकघरात डॉर्कस रायली या बाईंनी तयार केला. परंपरा नेहमी फार जुनीच असते असे नाही. प्रेमाने दरवर्षी केले की एखादा पदार्थ दोन पिढ्यांत परंपरा होतो, हे मी त्या दिवशी शिकले.

माझे सर्वांत आवडते दोन पदार्थ मात्र वेगळे आहेत. पहिला, क्रॅनबेरीचा सॉस. ही लहान, लालबुंद, अतिशय आंबट फळे मॅसॅच्युसेट्सच्या दलदलीच्या जमिनीत वेलीवर वाढतात. तोडणीच्या वेळी शेतात पाणी सोडतात, फळे वेलीवरून सुटून पाण्यावर तरंगू लागतात, आणि शरद ऋतूत ते सबंध शेत कुंकवाचे तळे दिसू लागते. साखर आणि संत्र्याची साल घालून शिजवलेला हा सॉस म्हणजे त्या ताटाची डावी बाजू. आपल्या पानात लिंबाच्या लोणच्याचे जे काम, तेच त्याचे. दुसरा पदार्थ लाल भोपळ्याचा. त्याला ‘पम्पकिन पाय’ म्हणतात. मराठी कानांनी या नावाला दचकू नये. पातळ पारीवर भोपळ्याचा गोड, घट्ट गर असतो आणि त्यात दालचिनी, लवंग, जायफळ व सुंठ. पहिला घास घेतला आणि मला आजीचे घारगे आठवले. गर तोच, गोडवा तोच, फक्त गुळाऐवजी साखर आणि तळणाऐवजी भट्टी.

पुढच्या वर्षीपासून मीही त्या मेजावर काहीतरी घेऊन जाऊ लागले. कधी भोपळ्याचे घारगे, कधी दही घातलेले, वरून मोहरी-मिरचीची फोडणी दिलेले भोपळ्याचे भरीत. ते भरीत इतके लोकप्रिय झाले की एखाद्या वर्षी नसले तर विचारणा होई. एकदा बाईंनी मला विचारले, “हा तुमच्याकडचा फार प्राचीन पदार्थ का?” मी मोठ्या अभिमानाने ‘हो’ म्हणणार होते, तेवढ्यात त्यांच्या नातवाने विचारले, “पण भोपळा तर आमच्याकडचा ना?” त्या मुलाच्या प्रश्नाकडे मी थोड्या वेळाने परत येणार आहे.

त्या घरात जेवण सुरू होण्याआधी एक रिवाज असे. मेजाभोवती बसलेल्या प्रत्येकाने, लहानमोठा असा भेद न करता, आपण कशासाठी कृतज्ञ आहोत ते एका वाक्यात सांगायचे. हा रिवाज अनेक अमेरिकन घरांत आहे. पण या बाईंनी त्याला दोन अटी घातल्या होत्या. ‘कुटुंबाबद्दल, आरोग्याबद्दल, सगळ्याबद्दल’ असे मोघम बोलायचे नाही. या वर्षात घडलेली एक गोष्ट सांगायची, आणि ती ज्या माणसामुळे घडली त्याचे नाव घ्यायचे. बर्फाच्या वादळात रात्री दोन वाजता घराची तापवण्याची यंत्रणा दुरुस्त करायला आलेल्या माणसाचे नाव. आजारपणात महिनाभर कुत्र्याला फिरवून आणणाऱ्या मुलीचे नाव. नाव माहीत नसेल तर ते शोधून काढून पुढच्या वर्षी सांगायचे.

मला हे फार अवघड गेले. आपल्या घरांत आभार मानण्याची पद्धत नाही. आईने पोळी वाढली म्हणून कोणी ‘धन्यवाद’ म्हणाले, तर ‘हे काय परक्यासारखे’ असे उत्तर येईल. आपली कृतज्ञता शब्दांतून कमी आणि कृतीतून अधिक व्यक्त होते. पोळ्याच्या दिवशी बैलांना न्हाऊ घालून, सजवून पुरणपोळी देतो. दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढून तिची पूजा करतो. पितृपक्षात गेलेल्यांसाठी पान वाढतो. जेवून उठताना जुनी माणसे ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणतात. ही सारी कृतज्ञतेचीच रूपे आहेत आणि ती सुंदर आहेत. परंतु त्यांत एक उणीव आहे, असे मला त्या मेजावर बसून जाणवले. बैल, पाटी, पितर, अन्नदाता या सर्वांना आपण नमस्कार करतो. पण ज्याने प्रत्यक्ष आपल्यासाठी काही केले त्या माणसाचे नाव आपण क्वचितच उच्चारतो. आणि ज्याचे नाव उच्चारले जात नाही, तो दोन पिढ्यांत विसरला जातो.

थँक्सगिव्हिंगची स्वतःची कथाही नेमकी हेच सांगते. म्हणून आता थोडे इतिहासाकडे वळते.

१६२० साली मेफ्लॉवर नावाच्या जहाजातून इंग्लंडहून १०२ प्रवासी आजच्या मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याला लागले. पहिल्या हिवाळ्यात त्यांतले जवळजवळ निम्मे दगावले. जे उरले त्यांना त्या मातीत काय पेरावे आणि कसे, हे ठाऊक नव्हते. ते त्यांना शिकवले टिस्क्वांटम नावाच्या माणसाने. हा टिस्क्वांटम तिथल्याच पटक्सेट गावचा. १६१४ साली एका इंग्रज कप्तानाने त्याला पळवून स्पेनमध्ये विकायला नेले होते. तो तिथून इंग्लंडमार्गे १६१९ साली घरी परतला, तेव्हा साथीच्या रोगाने त्याचे गाव नाहीसे झालेले होते. इंग्रजांनी प्लिमथ वसवले ते त्याच्याच ओसाड गावाच्या जागेवर. आणि त्याच माणसाने त्यांना मक्याच्या आळ्यात मासे पुरून खत कसे द्यावे ते दाखवले.

१६२१ च्या शरद ऋतूत मका पिकला आणि वसाहतीतील लोकांनी मेजवानी केली. त्या मेजवानीचे अगदी थोडे वर्णन एडवर्ड विन्स्लो यांच्या पत्रात आहे. चार माणसे पक्ष्यांच्या शिकारीला गेली. वांपनोआग लोकांचा प्रमुख मॅसासॉइट सुमारे नव्वद माणसांसह आला आणि तीन दिवस राहिला. त्याच्या माणसांनी पाच हरणे मारून आणली. म्हणजे त्या मेजावर पाहुणे संख्येने यजमानांहून जवळजवळ दुप्पट होते. पण मी हे वाक्य मुद्दाम उलट बोलले. खरे यजमान कोण होते? जमीन वांपनोआगांची, बियाणे त्यांचे, विद्या टिस्क्वांटमची. पाहुणे होते ते इंग्रज.

या मेजवानीचा लगेच सण झाला नाही. तो राष्ट्रीय सण व्हावा म्हणून एका स्त्रीने दीड दशकाहून अधिक काळ पत्रे लिहिली. त्या एका मासिकाच्या संपादिका होत्या, सारा जोसेफा हेल. आपल्या बालवाडीतली मुले मेरी आणि तिच्या कोकराचे जे इंग्रजी गाणे म्हणतात, तेही त्यांचेच. शेवटी १८६३ साली, यादवी युद्ध ऐन भरात असताना, अब्राहम लिंकन यांनी नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार राष्ट्रीय आभारदिन म्हणून घोषित केला. घराघरांत माणसे मरत असताना आभार मानायला सांगणे हे धाडसच होते. पुढे १९४१ साली कायद्याने चौथा गुरुवार कायम झाला.

आता कथेचा दुसरा भाग, जो शाळांच्या रंगीत पुस्तकांत फार दिवस नव्हता. १६२१ च्या मेजवानीनंतर अवघ्या चोपन्न वर्षांनी, १६७५ साली, याच दोन समाजांत भीषण युद्ध पेटले. मॅसासॉइटचा मुलगा मेटाकॉम त्यात मारला गेला, आणि वांपनोआगांपैकी कितीतरी जण मारले गेले किंवा गुलाम म्हणून विकले गेले. ज्यांनी पेरायला शिकवले त्यांच्याकडे जमीन उरली नाही. १९७० साली त्या वसाहतीला ३५० वर्षे झाली म्हणून समारंभ ठरला आणि वाम्सुटा फ्रँक जेम्स या वांपनोआग गृहस्थांना भाषणाचे निमंत्रण मिळाले. त्यांनी भाषणात हा सारा इतिहास लिहिला. संयोजकांनी ते भाषण बदलायला सांगितले. त्यांनी नकार दिला. मग थँक्सगिव्हिंगच्याच दिवशी प्लिमथच्या टेकडीवर ते आपल्या लोकांसह उभे राहिले आणि त्यांनी तो शोकदिन म्हणून पाळला. तेव्हापासून दरवर्षी तिथे शोकदिन पाळला जातो. एकाच दिवशी, एकाच देशात, एका घरी आभाराची मेजवानी आणि एका टेकडीवर शोक.

हे कळल्यावर हा सण मी सोडला नाही. उलट त्याचा अर्थ मला अधिक स्पष्ट झाला. देणाऱ्याला विसरून मानलेले आभार हे आभार नसतात. तो नुसता आनंद असतो. आनंदही चांगलाच, पण कृतज्ञता म्हणजे आनंदाला जोडलेली स्मृती. आणि ती स्मृती अर्धी असून चालत नाही.

त्याच भूमीवर याहून जुनी एक आभारपद्धती आहे, आणि ती मला फार मोलाची वाटते. न्यूयॉर्कच्या उत्तरेकडे व कॅनडात राहणारे हॉडेनोशोनी लोक, ज्यांना आपण इरोक्वॉय नावाने ओळखतो, ते वर्षातून एकदाच आभार मानत नाहीत. त्यांच्या सभा-समारंभांच्या आरंभी एक वक्ता उभा राहून क्रमाने सर्वांना वंदन करतो. आधी जमलेली माणसे, मग पृथ्वी, पाणी, मासे, वनस्पती, अन्नाची पिके, औषधी, प्राणी, वृक्ष, पक्षी, वारे, मेघगर्जना, सूर्य, चंद्र, तारे. त्यानंतर वेळोवेळी वाट दाखवणारे शिक्षक, आणि शेवटी निर्माता. प्रत्येक नावानंतर सारी सभा त्याला संमती देते आणि मगच पुढचे नाव येते. शिक्षकांचे स्थान ताऱ्यांनंतर आणि निर्मात्याच्या अगोदर आहे, ही गोष्ट येथे बसलेल्या गुरुजनांनी ध्यानात घ्यावी!

या लोकांची तीन मुख्य पिके मका, घेवडा आणि भोपळा. ती ते एकाच आळ्यात लावतात आणि त्यांना तीन बहिणी म्हणतात. मक्याचा दांडा घेवड्याच्या वेलाला आधार देतो, घेवडा जमिनीला नत्र देतो, आणि भोपळ्याची रुंद पाने खाली सावली धरून ओल टिकवतात व तण वाढू देत नाहीत. एकमेकींचे ऋण त्या जन्मभर फेडत असतात.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येते. भोपळा कोणाचा? भोपळ्याचे काही प्रकार आपल्याकडे पूर्वापार आहेत. पण ज्याला आपण लाल भोपळा म्हणतो तो, आणि त्याच्या फोडणीतली मिरची, ही दोन्ही मूळची अमेरिका खंडातील. पोर्तुगीज गोव्याला स्थिरावले ते १५१० मध्ये, आणि पुढच्या दोन शतकांत अशी कितीतरी पिके समुद्रमार्गे आपल्याकडे आली. मिरची येण्यापूर्वी आपला तिखटपणा मिऱ्याचा होता. आता आपल्या एकादशीचे पान डोळ्यांपुढे आणा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा तिथलाच. बटाटा अँडीज पर्वतातला. रताळेही त्याच खंडातले. राजगिऱ्याचे दाणे मेक्सिकोकडचे. हिरवी मिरची तर सांगितलीच. ज्या दिवशी आपण अत्यंत सोवळेपणाने ‘चालते’ आणि ‘चालत नाही’ असा काथ्याकूट करतो, त्या दिवशी आपल्या पानात वरीचे तांदूळ, दही आणि तूप सोडले तर बहुतेक सारे समुद्रापलीकडच्या शेतकऱ्यांनी हजारो वर्षे जोपासलेले असते. त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. ‘बटाटा’ हा शब्द मात्र पोर्तुगीजांच्या तोंडून कॅरिबियन बेटांवरील मूळ रहिवाशांच्या भाषेतून आपल्यापर्यंत आला आहे. तिथे तो रताळ्याचा शब्द होता. ती भाषा बोलणारे जवळजवळ नाहीसे झाले. त्यांचा एक शब्द आपण रोज भाजीवाल्याकडे उच्चारतो.

म्हणजे आपण सारेच कुठल्या ना कुठल्या मेजावरचे पाहुणे आहोत. हे वाक्य बडोद्यात उभे राहून बोलताना मला वेगळेच वाटते. कारण आपण, या शहरातील मराठी माणसे, शब्दशः पाहुणेच होतो. अठराव्या शतकात गायकवाडांच्या मागोमाग आपले पूर्वज गुजरातेत आले. कोणी घोड्यावरून आले, कोणी लेखणी घेऊन, कोणी पूजेची पळी-पंचपात्री घेऊन. सत्तेबरोबर आलेल्या माणसाला आपण पाहुणे आहोत याचा विसर लवकर पडतो. तो आपल्यालाही पडला असेल. पुढे सत्ता गेली, संस्थान विलीन झाले, आणि तरीही या शहराने आपले गणपती, आपली कीर्तने, आपली नाटके आणि आपली शाळा सांभाळली. यासाठी आपण कोणाचे नाव घेतो?

आपण सयाजीराव महाराजांचे नाव घेतो, आणि ते घ्यायलाच हवे. १९०६ साली त्यांनी साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना आणून गावोगावी ग्रंथालये उभारली. १९१३ साली त्यांच्या शिष्यवृत्तीवर एक तरुण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेला. त्याचे नाव भीमराव आंबेडकर. या शहराचा आणि अमेरिकेचा हा संबंध आपल्या अभिमानाचा आहे. परंतु १९१७ साली तेच आंबेडकर नोकरीसाठी बडोद्यास आले, तेव्हा जातीमुळे त्यांना राहायला जागा मिळाली नाही आणि त्यांना हे शहर सोडावे लागले. शिष्यवृत्ती याच शहराने दिली, आणि दारही याच शहराने लावले. प्लिमथच्या मेजवानीबरोबर ती टेकडी आठवायची असेल, तर शिष्यवृत्तीबरोबर ते बंद दारही आपण आठवले पाहिजे. तरच आपली कृतज्ञता पुरी होईल.

आता आपल्या शाळेकडे येते. या सभागृहाच्या भिंतींवर संगमरवरी फलक आहेत. देणगीदारांची, अध्यक्षांची, पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांची नावे त्यांवर कोरलेली आहेत. ती योग्यच आहेत. पण शाळेची पहिली तीन वर्षे एका गुजराती व्यापाऱ्याच्या वखारीच्या माडीवर भरली, असे आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो. त्या गृहस्थांनी भाडे घेतले नाही. दुपारच्या वेळी पोती चढवण्या-उतरवण्याचे काम थांबवायला लावले, म्हणजे मुलांना पाढे म्हणता यावेत. त्यांना मराठी येत नव्हते, आणि त्यांची स्वतःची मुले इथे शिकणारही नव्हती. त्यांचे नाव एकाही फलकावर नाही. मी समितीतील तिघांना विचारले. तिघांनी ‘वखारवाले शेठ’ एवढेच सांगितले. आमच्या वेळी मधल्या सुट्टीत माठ भरणाऱ्या, पडलेल्या मुलाच्या गुडघ्याला हळद लावणाऱ्या ज्या मावशी होत्या, त्यांनाही आम्ही ‘मावशी’ एवढ्याच नावाने ओळखत होतो.

आपल्या परंपरेत माणूस तीन ऋणे घेऊन जन्माला येतो असे मानतात: देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण. ऋषिऋण म्हणजे ज्यांनी विद्या दिली त्यांचे ऋण, आणि त्याची फेड विद्या घेऊनच करायची असते. इथे आभारप्रदर्शन पुरत नाही. ज्ञान पुढे गेले पाहिजे. ते आपल्यापाशी थांबले तर आपण ऋणकोच राहिलो.

या निकषावर पाहिले तर आज आपल्यापुढे एक कठीण प्रश्न आहे, आणि महोत्सवाच्या दिवशी तो टाळणे बरे नव्हे. पहिलीचा एक वर्ग भरवणे दरवर्षी अवघड होत आहे. येथे बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांची मुले-नातवंडे इंग्रजी माध्यमात शिकली, माझीही. त्याबद्दल मी कोणाला दोष देत नाही. प्रत्येक घराची कारणे खरी असतात. पण ज्या शाळेने आपल्याला घडवले तिच्याविषयी वर्षातून एकदा गहिवरायचे, आणि बाकीचे दिवस ती रिकामी होताना पाहायची, ही टिस्क्वांटमविना केलेली मेजवानी होईल.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली पालकांना. घरी आठवड्यातून एक जेवण असे करा की त्यात प्रत्येकाने एक नाव घ्यावे आणि त्या माणसाने काय केले ते मराठीत सांगावे. भाषा टिकवण्याचा उपदेश मुलांना कंटाळवाणा वाटतो. जिव्हाळ्याची गोष्ट सांगायची असली की मुले भाषा आपोआप वापरतात. आमच्या घरी हा रिवाज अमेरिकेत बावीस वर्षे चालला. माझ्या मुलाला ‘कृतज्ञ’ हा शब्द लिहिता येत नाही. पण त्याचा उपयोग त्याला बरोबर करता येतो.

दुसरी विनंती माजी विद्यार्थ्यांना. शाळेच्या ग्रंथालयात शनिवारी दोन तास मराठीचा वर्ग चालवावा. तो आपल्याच मुलांसाठी नसावा. या शहरातल्या ज्या गुजराती, हिंदी, तमिळ घरांतील मुलांना मराठी शिकावीशी वाटेल, त्या सर्वांसाठी तो खुला असावा. एका गुजराती माणसाने मराठी मुलांसाठी आपली माडी उघडी केली. त्याची फेड आपण आपले दार उघडूनच करू शकतो. याकरता मी स्वतः पुढील वर्षभर दर शनिवारी येणार आहे. आणखी चार जणांची गरज आहे.

तिसरी विनंती समितीला. वखारवाल्या शेठजींचे नाव शोधून काढा. जुन्या नगरपालिकेच्या दप्तरात, शेजारच्या पेढ्यांत, त्या गल्लीतील म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत ते कुठेतरी असेलच. मावशींचे नाव शाळेच्या जुन्या पगारपत्रकात सापडेल. मिळाले की त्यांच्या घरच्या माणसांना बोलावून आपल्या पंगतीत पहिल्या पानावर बसवा, आणि मग फलकाचा विचार करा.

मला समजले आहे की आजच्या जेवणात बटाट्याची भाजी, लाल भोपळ्याचे भरीत, मक्याची कोशिंबीर आणि पुरणपोळी आहे. म्हणजे अर्धे पान समुद्रापलीकडचे आणि अर्धे आपले. सबंध पान मात्र या शहरातल्या बाजारातले. वाढपी मंडळी तयार आहेत. भोजनगृहाच्या दाराशी मेजावर एक कोरी वही ठेवली आहे. त्या वहीत या शाळेशी संबंधित अशा एका माणसाचे नाव लिहा, ज्याचे नाव कोणत्याही फलकावर नाही, आणि त्याने तुमच्यासाठी काय केले ते एका वाक्यात लिहा. नाव आठवत नसेल तर शेजारच्याला विचारा. साठ वर्षांचे सोबती आज एकत्र आले आहेत, कोणाला ना कोणाला आठवेलच. ती वही भरली की शाळेच्या कपाटात राहील, आणि पुढच्या वर्षी याच दिवशी पुन्हा दाराशी येईल.

कृपया आधी वही, मग पान. अन्नदाता सुखी भव.